साडी दिसत नाही

आमच्या इंदिरानगरातल्या गल्लीच्या तोंडाशी मालिनीताई गायधनींचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, बंगल्याचं गॅरेजच ते. गाडी कधी घेतली नाही, म्हणून नव्वद साली त्यांच्या यजमानांनी, उपेंद्रकाकांनी, गॅरेजच्या शटरला आतून काळा पडदा लावून दिला, मागची भिंत फिक्या निळ्या रंगानं रंगवली आणि बाहेर पाटी ठोकली. काका नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते. कॅमेरा मुळात त्यांच्या हौसेचा. पण लग्नानंतर वर्षभरात तो ताईंच्या हातात गेला, तो परत आला नाही. काका म्हणायचे, "माझ्या फोटोत माणूस ओळखू येतो. हिच्या फोटोत तो भेटतो."

ताईंचं माहेर पंचवटीत. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. लांबलांबून लोक येत, बरेचसे दुःखात असत. वडील आलेल्या माणसाला आधी बसायला सांगत, पाणी देत, गाव विचारत, आणि मग बराच वेळ काहीच बोलत नसत. माणूस जागेवर आला की मगच पूजेची तयारी. ताई सांगायच्या, "मी फोटो काढायला दुसरीकडे कुठे शिकलेच नाही. बाबांचं बघितलं तेवढंच."

त्यांच्याकडे दोन भिंगांची यशिका होती. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत मान खाली घालून बघायचं. त्यामुळे फोटो काढताना ताई समोरच्या माणसापुढे वाकल्यासारख्या दिसायच्या. पुढ्यातल्या माणसाला आपल्यावर नजर रोखलेली जाणवायची नाही. शटरचा आवाजही इतका बारीक, की बऱ्याच जणांना फोटो निघालेला कळायचा नाही. ते विचारायचे, "झालं?" आणि ताई म्हणायच्या, "मघाशीच."

कामं सगळ्या तऱ्हेची यायची, पण जास्त करून लग्नाच्या मुलींचे फोटो. स्थळांकडे पाठवायचा तो. मुलीबरोबर आई किंवा मावशी असायची, तिच्या पिशवीत घरातली ठेवणीतली साडी. ताई स्वतः साडी नेसवायच्या, निऱ्या बसवायच्या, पदराला पिना लावायच्या. आई म्हणायची, "जरा उजळ येईल असं बघा हं." मग ताई आईला काकांच्या हातचा चहा प्यायला आत पाठवून द्यायच्या आणि मुलीशी कॉलेजच्या, मैत्रिणींच्या गप्पा काढायच्या. माझाही तसला फोटो त्यांनीच काढला होता. पुढचं सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, एकदा नाही, अनेकदा. पण प्रत्येक वेळी सांगताना त्यांचा आवाज लहान व्हायचा, देवळात बोलतो तसा.

सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. एम. जी. रोडवरच्या कलर लॅबमध्ये ताई आपले प्रिंट घ्यायला गेल्या होत्या. काउंटरवर एक उंच, दाढीवाले गृहस्थ त्यांचेच फोटो हातात घेऊन बघत उभे होते. त्यांनी लॅबवाल्याला विचारलं, "हे कोणी काढलेत?" लॅबवाल्यानं ताईंकडे बोट दाखवलं.

ते मुंबईचे पाठारे. फॅशन फोटोग्राफर. साड्यांच्या एका कंपनीचं कॅलेंडर करायचं होतं, आणि त्यांना ते सुरगाण्याच्या डोंगरात, पिकायला आलेल्या भाताच्या खाचरांमध्ये करायचं होतं. पण साड्या नेसवायला येणारी बाई ऐन वेळी आजारी पडून मुंबईतच राहिली होती.

"चेहऱ्यांबद्दल नंतर बोलू," पाठारे म्हणाले, "पण या फोटोंतल्या निऱ्या कोणी घातल्यात?"

"मीच," ताई म्हणाल्या.

"उद्या पहाटे याल का आमच्याबरोबर?"

ताईंनी घरी येऊन काकांना विचारलं. काका म्हणाले, "जा की. आणि यशिका घेऊन जा." एवढंच.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. गाडी चालवणारा हिरामण सुरगाण्याकडचाच. त्याच्या शेजारी पाठारे, मागे साड्यांच्या पेट्या, दिवे, ताई आणि इरा. इरा म्हणजे मॉडेल. वय वीस-एकवीस. ताईंनी पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा त्यांचा चक्क हिरमोड झाला. काटकुळी पोरगी, डोळ्यांखाली काळं, नाक किंचित एका बाजूला. वणी सोडून घाट लागला तशी तिला मळमळायला लागलं. हिरामणनं दोनदा गाडी थांबवली. ताईंनी तिची पाठ चोळली, तोंड धुवायला पाणी दिलं, हातात एक बिस्किट ठेवलं. त्यांच्या मनात येत होतं, ही स्टुडिओत आली असती तर हिला कुठल्या बाजूनं बसवलं असतं? नजर टेकवावी असं त्या चेहऱ्यावर त्यांना काही सापडत नव्हतं. रिकाम्या घरासारखा चेहरा, त्या म्हणायच्या.

गावाबाहेरच्या एका उतारावर जीप थांबली. खाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, भात हिरव्याचं पिवळं होऊ लागलेलं, वरच्या हलक्या, वरकस जमिनीत नागली, म्हणजे नाचणी. हिरामणनं शेताच्या मालकिणीला बोलावून आणलं. वत्सलाबाई. पन्नाशीची, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं. पाठाऱ्यांनी रीतसर परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, "उभं ऱ्हा ना. पण बांधावरून चाला, भातात पाय नका घालू." आणि जरा वर जाऊन दगडावर बसल्या, बघत.

एका झाडामागे चादर धरून ताईंनी इराला पहिली साडी नेसवली. पोपटी पैठणी, जांभळे काठ. ब्लाउज तिला दोन मापं मोठा होता. पाठाऱ्यांनी कपडे वाळत घालायचे चिमटे पुढे केले. ताईंना वाटलं, चेष्टा करतायत. पण खरंच, ब्लाउज पाठीमागून मुठीत गोळा करून त्याला चिमटे लावायचे होते. निऱ्यांनाही मागून चिमटे, पदराच्या आत पुठ्ठा. पुढून बघावं तर अंगावर शिवल्यासारखी साडी, आणि मागून जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे. वर बसलेल्या वत्सलाबाई मागच्या बाजूला होत्या. त्या हसायला लागल्या.

"हिला मागनं कोनी बघत नाय का?" त्यांनी ताईंना विचारलं.

"मागून फोटो नाही काढायचा, मावशी."

"मंग ठीक हाय."

इरा बांधावर जाऊन उभी राहिली. अजून तशीच, खांदे पडलेले, ओठ सुकलेले. पाठाऱ्यांनी कॅमेरा तिवईवर चढवला. आणि मग जे झालं ते सांगताना ताई नेहमी थांबायच्या.

"ती पोरगी निघून गेली," त्या म्हणायच्या. "म्हणजे उभी तिथंच होती. पण मळमळणारी, बिस्किट कुरतडणारी जी मुलगी मी घाटात सांभाळली होती, ती तिथं नव्हती. तिनं मान जराशी वर केली, एक पाय पुढे टाकला, आणि ती साडी जागी झाली. मी आजवर शेकडो मुलींना साडी नेसवली. मुलगी साडी नेसते एवढंच मला माहीत होतं. साडी एखादीला नेसते हे मी पहिल्यांदा बघत होते."

पाठारे तिला एकदाही हस म्हणाले नाहीत, काय वाटतंय ते विचारलं नाही. त्यांचं बोलणं सगळं कापडाबद्दल. "पदर झोपलाय. खांदा सोड. आता काठ बघू दे. थांब. कापडाला पडू दे, मग तू वळ." हिरामण मोठा पांढरा पुठ्ठा हलवून वारा घालत होता, आणि इरा वाऱ्याच्या अर्धा क्षण आधी वळत होती, जणू तो कुठून येणार हे तिच्या त्वचेला ठाऊक होतं. पदर उडायचा, पसरायचा, आणि तिच्या हाताची बोटं त्याच्या टोकाशी अशी असायची की बघणाऱ्याची नजर त्या बोटांवरून घसरून थेट काठावरच्या मोरांवर जावी. ताईंनी मुद्दाम तिच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला. जमेना. नजर दर वेळी खाली साडीवर उतरायची.

जेवायला सगळे सावलीत बसले. ताईंनी घरून आणलेल्या पोळ्या आणि लसणाची चटणी काढली. इरा आता पुन्हा इरा झाली होती आणि भरभर खात होती.

"तू तेव्हा कुठे जातेस गं?" ताईंनी तिला विचारलं.

इराला प्रश्न लगेच कळला. "काकू, पहिली दोन वर्षं मला कुणी काम देत नव्हतं, कारण मी जातच नव्हते. मी सगळ्या फोटोंत असायचे. एका मॅडमनी मला सांगितलं, तू चेहऱ्यावर आलीस की कपडे मागे पडतात. मग शिकले."

"कसं शिकलीस?"

"कापड अंगावर कुठे कुठे लागतंय तेवढ्याकडेच लक्ष ठेवते. खांदा, कोपर, पायाचा घोटा. बाकीचं काही नाही. थोड्या वेळानं मी नसतेच."

त्यांचं सगळं आयुष्य माणसाला कॅमेऱ्यापुढे जागेवर आणण्यात गेलं होतं. आणि ही मुलगी कॅमेऱ्यापुढून नाहीशी व्हायला शिकली होती, आणि तेही तितकंच अवघड होतं.

दुपारी ऊन कलायला लागलं तशी पाठाऱ्यांना एक कल्पना सुचली. वर बसलेल्या वत्सलाबाईंकडे ते मघापासून बघत होते. एक पैठणी त्यांना नेसवून त्यांच्याच शेतात फोटो काढला तर? कॅलेंडरचं एखादं पान तसं. त्यांनी ताईंना विचारायला पाठवलं.

वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं. "मला एक फोटू देशाल का?"

"देऊ ना."

"माझा एकच हाय. मतदानाच्या कारडावर. त्यात मी नाय, कोनी दुसरीच हाय."

ताईंनी त्यांना अंजिरी रंगाची पैठणी नेसवली. चिमटे लागलेच नाहीत. खांदे रुंद, पाठ ताठ, साडी बसली. त्यांनी काठावरून एकदा हात फिरवला आणि बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. सरळ, दोन्ही पाय रोवून, नजर थेट भिंगात.

पाठाऱ्यांनी लगेच दिसणारा पोलरॉइड काढला, हलवला, पाहिला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "मावशी, इकडे नको, तिकडे डोंगराकडे बघा."

त्यांनी डोंगराकडे पाहिलं. तो त्यांचाच डोंगर होता. त्या त्याच्याकडे असं बघू लागल्या की मघापेक्षाही जास्त काही त्यांच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. पाठाऱ्यांनी दुसरा पोलरॉइड काढला. तिसरा काढला. मग कॅमेऱ्यापासून बाजूला झाले.

"साडी दिसत नाही," ते म्हणाले.

ताई पुढे झाल्या. पोलरॉइड हातात घेतला. पैठणी होती, पूर्ण होती, उन्हात झळकत होती. पण पाठारे खोटं बोलत नव्हते. नजर चेहऱ्यावर जायची आणि तिथून हलायचीच नाही. काठ, मोर, पदर, सगळं आजूबाजूला पडलेलं, लग्नघरात पाहुण्यांच्या गर्दीत मांडव दिसत नाही तसं.

"त्यांना सांगा ना, मनात काही आणू नका म्हणावं," पाठारे हळूच म्हणाले.

ताईंनी जाऊन सांगितलं. वत्सलाबाई म्हणाल्या, "मी काय आनत नाय, बाई. ते असतंच."

पाठाऱ्यांनी ते ऐकलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. आणखी दोन-चार फोटो काढले, पण ताईंना दिसत होतं की ते आता कॅलेंडरसाठी काढत नव्हते. थोड्या वेळानं ते ताईंना म्हणाले, "हे माझं काम नाही. तुमचं आहे. तुमचा कॅमेरा आणलाय ना?"

वत्सलाबाईंनी पैठणी उतरवून नीट घडी घालून दिली आणि आपलं लुगडं नेसलं. ताई त्यांच्याबरोबर बांधावर बसल्या. पाणी दिलं. कुठलं बी पेरलंय विचारलं, मुलं कुठे असतात विचारलं. थोरला गुजरातेत कारखान्यात होता, धाकटी पेठला दिलेली. मग दोघी बराच वेळ गप्प बसल्या. ऊन पिवळं झालं. ताईंनी उठून यशिका पोटाशी धरली, मान खाली घातली. काचेत वत्सलाबाई उलट्या दिसत होत्या, डावं उजवीकडे, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. ताई म्हणायच्या, त्या काचेत बघताना मला वाटलं, मी बाबांच्या शेजारी कुंडावर उभी आहे आणि समोर कुणीतरी आपलं सगळं घेऊन आलंय.

त्यांनी दोनच फोटो काढले. तिसऱ्याची गरज वाटली नाही.

परत येताना इरा जीपमध्ये ताईंच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली होती. नाशिकला पोहोचायच्या थोडं आधी जागी झाली आणि म्हणाली, "काकू, माझा पण काढाल?"

"तुझे तर हजारो आहेत."

"त्यात मी नाही. आईनं मागितला होता, तिच्याकडे ठेवायला. मी पेट्या उघडून बसले. एकही देण्यासारखा नव्हता."

पाठारे दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला निघणार होते. इरा सकाळीच इंदिरानगरात आली. साधा पंजाबी ड्रेस, केस मोकळे. ताईंनी तिला स्टुलावर बसवलं, काकांनी चहा आणून दिला. ताईंनी आपलं नेहमीचं सगळं केलं. गाव विचारलं, शाळा विचारली, आईच्या हातचं काय आवडतं ते विचारलं. इरा मोकळेपणानं बोलत होती, हसत होती. पण ताईंची मान काचेकडे झुकली रे झुकली की ती निघून जायची. चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा, ओढणी मात्र लगेच झोकात. तिचं तिला कळतही नव्हतं.

"गेले ना मी?" तिनं विचारलं.

"गेलीस."

दोघी हसल्या. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. दिवा बदलला, खुर्ची बदलली, बाहेर अंगणात नेऊन पाहिलं. शेवटी इरा म्हणाली, "राहू दे, काकू. हे आता अंगातच गेलंय." ताई म्हणायच्या, तिनं किती मोठी किंमत देऊन ती विद्या मिळवली होती हे मला तेव्हा कळलं.

ताई तिच्यासमोर पाटावर बसल्या. थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

इरानं डोळे मिटले. भिंग दिसेना तशी तिला जायला दिशाच राहिली नाही. आधी पापण्या थरथरल्या, मग शांत झाल्या. आतून काकांनी कुकर लावल्याचा आवाज आला, बाहेर भाजीवाला ओरडत गेला. हळूहळू तिच्या कपाळावरचा ताण उतरला, खालचा ओठ जरा पुढे आला लहान मुलाचा येतो तसा, आणि आदल्या दिवशी रिकामा वाटलेला तो चेहरा भरत गेला. ताईंनी शटर दाबलं. आवाज इतका बारीक की इराला तो ऐकू आला नाही. त्यांनी फिल्म फिरवून आणखी एक काढला, आणि मग कॅमेरा बाजूला ठेवून त्या नुसत्याच बघत बसल्या.

"उघडू?" इरानं विचारलं.

"उघड. झालं."

तो फोटो ताईंनी नंतर मुंबईला पाठवला. इराचा फोन आला. म्हणाली, "काकू, ही तर माझी आई आहे. तिच्या तरुणपणची." ती रडत होती की हसत होती ते ताईंना फोनवर नीट कळलं नाही.

जानेवारीत कॅलेंडर आलं. आमच्या गल्लीतल्या बायका ते बघायला ताईंकडे जमल्या. पोपटी पैठणी डोंगरावर पसरली होती, जणू भाताच्या खाचरातूनच वर आली होती. सगळ्यांनी एकच विचारलं, ही साडी कुठे मिळेल? उपेंद्रकाकांनीही ते पान कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "ही मुलगी कोण?" ज्या मुलीला त्यांनी स्वतः चहा करून दिला होता तिला त्यांनी ओळखलं नाही. ताईंना त्याचं हसू आलं नाही. त्यांनी ते पान भिंतीवर लावलं आणि कितीतरी दिवस येताजाता त्याच्यापुढे थांबायच्या. एक जिवंत माणूस एवढ्या उजेडात उभं राहून कुणालाच दिसू नये, हे कसब त्यांना चमत्काराहून कमी वाटत नव्हतं.

वत्सलाबाईंचे फोटो मात्र द्यायचे राहिले होते. पाठाऱ्यांनीही आठवणीनं पैठणीतला एक फोटो मोठा करून पाठवला होता. फेब्रुवारीत ताईंनी हिरामणला गाठलं, तेव्हा तो म्हणाला, "आता गावात कोन नाय, बाई. सगळी द्राक्षाच्या कामाला खाली आलीत. वत्सलाबाई दिंडोरीकडं हायेत." तोच त्यांना घेऊन गेला.

बागेत तोडणी चालू होती. मांडवाखाली बायका क्रेटमध्ये घड रचत होत्या. वत्सलाबाई बाहेर आल्या, हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला. ताईंनी आधी आपला दिला, लुगड्यातला, बांधावरचा. मनातून त्यांना खात्री होती की हाच खरा.

वत्सलाबाईंनी तो उन्हाकडे धरला. खूप वेळ बघितला. "हां," त्या म्हणाल्या. "ही मी हाय." फोटोतल्या आपल्या गालावरून त्यांनी बोट फिरवलं. बाकीच्या बायका भोवती गोळा झाल्या.

मग ताईंनी दुसरा दिला, पाठाऱ्यांचा. अंजिरी पैठणीतला. वत्सलाबाईंचा चेहरा एकदम उजळला.

"ही पन मीच," त्या म्हणाल्या. दोन्ही फोटो शेजारी धरून त्यांनी पुन्हा पाहिले आणि लुगड्यातला ताईंच्या हातात परत दिला. "हा तुमी ठेवा. मला ठाव हाय मी कशी हाय ते. हा पैठनीचा घरात लावीन. नातवंडं बघतील, आज्जी एक दिवस कशी उभी होती."

पाठाऱ्यांना जो फोटो साडीचा म्हणून चालला नव्हता, ताईंना जो माणसाचा म्हणून अर्धामुर्धा वाटला होता, त्यात वत्सलाबाईंना दोन्ही दिसत होतं. त्यांना साडीही हवी होती आणि स्वतःही. त्यात कुणी कुणाच्या आड येत नव्हतं.

जीपकडे परतताना हिरामण म्हणाला, "तुमचा फोटू नाय आवडला वाटतं त्यांना."

"आवडला," ताई म्हणाल्या. "म्हणून तर मला दिला."

त्यानंतर ताईंचं काम थोडं बदललं. लग्नाची मुलगी फोटोला आली की त्या दोन फोटो काढू लागल्या. एक स्थळांकडे पाठवायचा, पिना लावून, पदर रचून. दुसरा मुलीचा तिच्यासाठी, तिला हवा तसा. कुणी घरचा ड्रेस घालायची, कुणी हट्टानं आईचा शालू नेसायची. ताई काही सुचवत नसत. आधी त्यांना वाटायचं साधेपणात माणूस सापडतो, आता त्या विचारायच्या, "तुला कशात सापडायचंय?"

दोन हजार दोन साली मेन रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानानं त्यांना जाहिरातीचा फोटो काढायला सांगितलं. स्वतः फॅशनचा फोटो काढायची ही पहिलीच वेळ. मॉडेल म्हणून कॉलेजातली आशा नावाची मुलगी ठरली. उंच, हसरी, बोलघेवडी. ताई तिला घेऊन सायखेड्याला गोदावरीच्या काठावर गेल्या. सकाळभर फोटो काढले, आणि सगळ्यांत आशाच आशा. गोड, खट्याळ, डोळ्यांत भरणारी आशा. साडी कुणाच्या लक्षातही येऊ नये. चूक आशाची नव्हती. मान खाली घातली की ताई सवयीनं चेहरा शोधायच्या, आणि चेहरा बोलावणं आल्यासारखा यायचा.

दुपारी त्यांनी ठरवलं, आशाच्या तोंडाकडे बघायचंच नाही. काचेत फक्त पदराचं टोक बघायचं. "मला तुझ्याशी काही बोलायचं नाहीये आता," त्या तिला म्हणाल्या. "साडी अंगावर कुठे लागतेय तेवढं बघ. खांदा, कोपर, घोटा." आशाला आधी विचित्र वाटलं, मग ती गप्प झाली. नदीवरून वारा आला. ताईंचे डोळे पदरावर खिळलेले होते, आणि त्यांना जाणवलं की पदराला स्वतःचं वजन आहे, स्वतःची घाई आहे, तो आधी थबकतो आणि मग निघतो. इतकी वर्षं पिना लावून त्यांनी तो जागच्या जागी बसवला होता, त्याला चालताना कधी पाहिलं नव्हतं. तो उचलला गेला, नदीच्या अंगाला पसरला, आणि त्यांनी शटर दाबलं. नंतर सांगायच्या, "वाटलं, हे मी काढलं?"

दुकानानं तो फोटो मोठा करून बाहेर लावला. महिन्याभरानं आशाची आई स्टुडिओत आली. म्हणाली, "अहो, तो फोटो इतका सुंदर आलाय, आम्हाला त्याचीच एक कॉपी द्या ना. स्थळांना पाठवू."

ताई म्हणाल्या, "तो नको. तो पाठवलात तर ते साडीला पसंत करतील." आणि त्यांनी आईला आत काकांकडे चहाला पाठवलं, आशाला स्टुलावर बसवलं, आणि दिवा लावला.